सीलबंद गाडीचे शंभर किलोमीटर

सोसायटीच्या सभेत माणसाने बोलू नये, आणि बोललंच तर निदान आकडा तोंडातून काढू नये. शब्द फिरवता येतो, आकडा फिरवता येत नाही. मापसाहेबांना हे इतरांपेक्षा जास्त कळायला हवं होतं, कारण आकडे फिरवणाऱ्यांना पकडण्याचाच त्यांना पगार मिळत असे.

मापसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे. बरोबर निघाला तर तारेत शिशाची गोळी दाबून सील ठोकायचं, खोटा निघाला तर दुकानदाराला ठोकायचं, अर्थात कागदोपत्री. बावीस वर्षांत त्यांनी एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. घरात दूध आलं की ते आधी मापात जाई, मग पातेल्यात. पत्नीने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यावर बोलून पाहिलं होतं, नंतर सोडून दिलं.

तर सभा. इमारतीत सोळा घरं, गाड्या एकवीस, आणि आत उभ्या करायला जागा नऊ. उरलेल्या गल्लीत. यावर तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी उपाय सुचवला की मागचं पटांगण फरशी घालून गाड्यांना द्यावं. या गृहस्थांकडे दोन गाड्या होत्या, त्यामुळे इमारत त्यांना प्रेमाने डबलगाडी म्हणत असे. तोंडावर नव्हे, प्रेम तेवढं गाढ नव्हतं.

"पटांगणात आहे काय?" डबलगाडी म्हणाले. "एक झोपाळा, तोही मोडका. दोन बाक, त्यावर कोणी बसत नाही."

पटांगणात मापसाहेबांच्या सासूबाई होत्या. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ असायच्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सपाट जागेवर चालायला सांगितलं होतं, आणि त्या भागात सपाट जागा ती एकच. बाहेरच्या फुटपाथवर चालायला चांगले गुडघे लागत, आणि तिथे चालून ते चांगले राहत नसत. सासूबाई काठी घेऊन पटांगणाला पाच फेऱ्या मारत आणि सहावी मारायची की नाही यावर बराच विचार करत.

हे सगळं सांगायचं सोडून मापसाहेब उभे राहिले आणि तात्त्विक बोलले. "गाड्या जास्त नाहीत. फेऱ्या जास्त आहेत. आपण गाडी गरजेने कमी आणि सवयीने जास्त काढतो."

"बोलायला काय जातं?" डबलगाडी म्हणाले. "तुम्ही परवा ब्रेड आणायला गाडी काढली होतीत. मी गॅलरीतून पाहिलं."

हे खरं होतं. मापसाहेबांचे कान लाल झाले. "ठीक आहे," ते म्हणाले. "तीन महिने. आमची गाडी शंभर किलोमीटरच्या वर जाणार नाही."

तिसऱ्या रांगेत पत्नीने डोळे मिटले. पण सेक्रेटरीने लिहून घेतलं होतं. सेक्रेटरी हा मनुष्य सभेत कोणी शिंकलं तरी इतिवृत्तात घेई. ठरलं असं, की गाडी शंभरच्या आत राहिली तर डबलगाडी ठराव मागे घेतील, आणि वर गेली तर त्याच ठरावाला मापसाहेब स्वतः अनुमोदन देतील. गाडीच्या मीटरवर त्या दिवशी आकडा होता ४८,२१७. हद्द ४८,३१७.

घरी आल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, शंभरच का? पाचशे म्हणाला असतात तर कोणी मारलं असतं का?"

"पाचशे तोंडात आलं नाही."

"जावईबापूंच्या तोंडात माप नेहमी नेमकंच येतं," सासूबाई खोलीतून म्हणाल्या. त्या कौतुक करताहेत की टोमणा मारताहेत, हे एवढ्या वर्षांत कळलेलं नव्हतं, आणि विचारण्याची हिंमतही कोणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मापसाहेबांनी शास्त्रशुद्ध सुरुवात केली. आधी त्यांनी घरातल्या नेहमीच्या फेऱ्या खात्याची नसलेली, स्वतःच्या पैशांची टेप घेऊन मोजल्या. निष्कर्ष धक्कादायक होते. भाजीबाजार चारशे मीटर. गाडीने गेलं तर सातशे दहा, कारण उरलेले तीनशे दहा मीटर गाडी उभी करायला जागा शोधण्यात जात, आणि जागा मिळे ती घराजवळच. म्हणजे कित्येक वर्षं हे कुटुंब गाडीने बाजारात जात नव्हतं. गाडीने घरून निघून घराजवळ येत होतं आणि तिथून चालत बाजारात जात होतं.

मग सील. माणसाचा मोह आणि गाडीची किल्ली यांच्यामध्ये काहीतरी असावं, असं त्यांना वाटलं. खात्याचं सामान खासगी कामाला वापरणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून बाजारातून तार, शिशाच्या गोळ्या आणि पक्कड विकत आणली, आणि दाराची मूठ व आरशाची दांडी यांतून तार ओवून गाडीला रीतसर सील ठोकलं. गाडी काढायची तर वहीत कारण, अंतर आणि पर्यायी मार्गाचा विचार केला होता का, हे तीन रकाने भरायचे. मगच सील तुटेल.

कॉलेजात जाणाऱ्या लेकीने पहिल्याच आठवड्यात वहीत लिहिलं, "कारण : उशीर झाला. अंतर : नऊशे मीटर. पर्याय : लवकर उठणे." मापसाहेबांनी खाली शेरा मारला, "पर्याय योग्य आहे." लेक दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी लवकर उठली. अर्थात वडिलांच्या आधी बाहेर पडण्यासाठी, म्हणजे त्यांच्याबरोबर चालावं लागू नये.

कारण मापसाहेबांबरोबर चालणं हा एक सार्वजनिक कार्यक्रम झाला होता. गाडीतून जाणारा निरीक्षक कोणाला दिसत नाही. चालत जाणारा लांबूनच दिसतो. पहिल्या दिवशी ते ऑफिसला पायी निघाले आणि रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांची शटरं अर्ध्यावर आली. फळवाल्याने वजनं फडक्याने पुसायला घेतली. किराणावाला काउंटरच्या बाहेर येऊन विनाकारण हसला. मापसाहेब डबा घेऊन कामावर चालले होते एवढंच, पण हे कोणाला पटणार? महिन्याभरात त्या रस्त्यावरचे सगळे तराजू असे सुतासारखे सरळ झाले की गिऱ्हाईकं लांबून यायला लागली. मापसाहेबांच्या वरिष्ठांनी बैठकीत विचारलं, "तुमच्या भागात तक्रारीच नाहीत, हे कसं काय?" मापसाहेब म्हणाले, "चालतो, साहेब." वरिष्ठांना वाटलं, असंच चालतंय म्हणताहेत. त्यांनी मान हलवली.

पण अभिमानाला दृष्ट लागते ती शेजाऱ्यांची. गल्लीत उभी असलेली गाडी, काचेवर धूळ, दाराला तार, तारेला शिशाचं सील. बघणाऱ्याने काय समजायचं? पहिल्या मजल्यावरच्या वकिलांनी एका संध्याकाळी मापसाहेबांना जिन्यात गाठलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "जप्ती कधी झाली?"

"कसली जप्ती?"

"माझ्याशी लपवू नका. अशा वेळी वकील आणि डॉक्टर यांच्याशी माणसाने खरं बोलावं."

खरं सांगून उपयोग झाला नाही. स्वतःच्या गाडीला स्वतः सील ठोकणारा माणूस वकिलांनी पाहिलेला नव्हता, जप्ती झालेले मात्र भरपूर पाहिले होते. आठवड्याभरात इमारतीत सहानुभूतीची लाट आली. समोरच्या काकू एक जुनी सायकल देऊन गेल्या आणि "परत करायची घाई नाही" म्हणाल्या. डबलगाडींच्या पत्नीने मापसाहेबांच्या पत्नीला बाजूला घेऊन सांगितलं, "दिवस सगळ्यांचेच येतात." पत्नी ज्या कॉलेजात ग्रंथपाल होती तिथे मुदत टळलेल्या पुस्तकांचा दंडही ती कधी माफ करत नसे. तिला जिन्यात कोणीतरी धीर देतंय हे तिला सोसेना.

"अहो, ते सील काढा. नाहीतर त्यावर पाटी लावा, की हे आम्हीच केलंय."

"पाटी लावली तर लोक म्हणतील, पाटीही कोर्टानेच लावायला सांगितली."

तरीही हिशेब चोख चालला होता. तीन महिने भरायला नऊ दिवस उरले तेव्हा वापर होता एकसष्ट किलोमीटर. त्यातले बेचाळीस सासूबाईंच्या हॉस्पिटलच्या तीन फेऱ्यांचे, एकोणीस लेकीचं परीक्षाकेंद्र लांब होतं आणि त्या दिवशी बस बंद होती त्याचे. एकोणचाळीस शिल्लक. मापसाहेब पटांगणात उभं राहून डबलगाडींच्या गॅलरीकडे बघत आणि काही बोलत नसत. हे न बोलणं वरपर्यंत ऐकू जाई.

आणि त्याच दिवशी काचेवर कागद चिकटला. नगरपालिकेची पडीक वाहने हटवण्याची मोहीम सुरू झाली होती. सदर वाहन बेवारस दिसते, सात दिवसांत ते चालू स्थितीत पालिकेच्या वाहन आगारात हजर करून तपासून घ्यावे, अन्यथा उचलून नेऊन भंगारात काढण्यात येईल.

आगार गावाबाहेर होतं. सव्वीस किलोमीटर. जाऊन-येऊन बावन्न. एकसष्ट अधिक बावन्न, एकशे तेरा. मापसाहेबांनी बेरीज तीन वेळा केली. बेरजेला दयामाया नसते.

ते बसने पालिकेत गेले. पडीक वाहनांचे अधिकारी सज्जन होते, फक्त त्यांच्यासमोर छापील फॉर्म होता.

"गाडी चालते?"

"चालते."

"मग चालवून आणा."

"चालवायची नाहीये."

"म्हणजे बंद आहे."

"बंद नाही. चालते, पण आम्ही चालवत नाही."

अधिकाऱ्यांनी फॉर्म उलटासुलटा करून पाहिला. "असा रकाना नाही. बरं, ते सील कोणाचं आहे?"

"माझं."

"म्हणजे तुमच्या खात्याचं?"

"नाही, माझं खासगी."

"तुम्ही तुमची गाडी तुमच्याकडूनच जप्त केलीत?"

मापसाहेब विचारात पडले. एवढं नेमकं वर्णन तोवर कोणी केलं नव्हतं. "तुम्ही घरी येऊन बघा ना," ते म्हणाले. "इंजिन चालू करून दाखवतो."

"घरोघरी जायला मला पालिकेची गाडी लागेल. ती आगारात आहे," अधिकारी म्हणाले. "तिला पडीकची नोटीस लागलीय."

 त्या रात्री जेवताना मापसाहेब म्हणाले, "हरलो. पण हरायचं तर रीतसर. जायचंच आहे तर एका फेरीत होतील तेवढी कामं करू."

त्यांनी खाली फलकावर सूचना लावली. बुधवारी गाडी आगारापर्यंत जाणार आहे, त्या रस्त्यावर कोणाचं काम असल्यास लेखी कळवावे. इमारतीला वाटलं, बिचारे जाता जाता सेवा करताहेत, आणि तिने मनसोक्त सेवा करून घेतली. दुरुस्तीचे मिक्सर, पिंजायला टाकलेली गादी, फोटोची मोठी चौकट, बायंडरकडे बांधायला दिलेली कॉलेजची चौदा पुस्तकं. पत्नीने पुस्तकांसाठी रजा टाकली. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या पटांगणासाठी चाललेत, मी येते."

आणि बुधवारी सकाळी, सील तोडत असताना, डबलगाडी खाली आले. त्यांचं गोदाम आगाराजवळच होतं. त्यांची एक गाडी गॅरेजात होती आणि दुसरी आवारात, पण तिच्यापुढे वकिलांची गाडी, आणि वकील किल्लीसकट परगावी.

"तुमच्याबरोबर येऊ का?" ते दुसरीकडे बघत म्हणाले.

"लेखी कळवायला हवं होतं," मापसाहेब म्हणाले. मग दार उघडलं. "बसा."

आगारात तपासणीला दीड मिनिट लागलं. एका माणसाने इंजिनचा आवाज ऐकला आणि कागदावर शिक्का मारला. मीटरवर ४८,३०४. परतताना आधी गोदामातून डबलगाडी, मग बायंडर, मिक्सरवाला, गादीवाला, चौकटवाला, असं करत गाडी भरली. डबलगाडी मागे पत्नी आणि गुंडाळलेली गादी यांच्यामध्ये बसले, मांडीवर फोटोची चौकट उभी धरून, त्यामुळे आरशात ते स्वतःच फोटोतले वाटत होते.

मापसाहेब आकड्याकडे बघायचं नाही असं ठरवून बघत होते. तीनशे पंधरा गेलं. सोळा आलं. सोळाच्या पुढचा लाल दशांश सरकायला लागला. आणि बावीस वर्षं काटा खुणेवर आला की हात थांबवायची सवय असलेल्या त्या माणसाचा पाय आपोआप उचलला गेला. डाव्या हाताला ट्रक तोलायचा वजनकाटा होता. गाडी वळून आत शिरली आणि थांबली.

"पेट्रोल?" डबलगाडींनी चौकटीतून विचारलं.

"नव्व्याण्णव पूर्णांक सहा," मापसाहेब म्हणाले. "उतरा. इथून पुढे बस."

"घर तेरा किलोमीटर आहे अजून."

"तेरा पूर्णांक चार."

"अहो, मला पाच वाजता पोचायचंय. चालवा की. मी विरोधी पक्ष आहे, मीच म्हणतोय चालवा."

"शंभर म्हणजे शंभर."

डबलगाडींनी घड्याळ बघितलं, गादी बघितली, मग पुढे वाकून हळूच म्हणाले, "हे बघा. बॉनेट उघडा. मीटरची वायर मी काढतो, घराजवळ परत लावतो. दोन मिनिटांचं काम. मी सेक्रेटरीला बोलणार नाही, तुम्ही बोलू नका. पटांगण तुमचं."

 पत्नीने नवऱ्याच्या मानेकडे बघितलं. ती मान ती ओळखून होती. दुधाच्या मापाच्या वेळी ती अशीच ताठ व्हायची.

"साहेब," मापसाहेब म्हणाले, "बावीस वर्षं मी दोन मिनिटांचं काम करणाऱ्यांनाच पकडतोय." आणि किल्ली काढून घेतली.

वजनकाट्याचा मालक धावत आला. आत शिरणारा निरीक्षक पाहून त्याचा रंग उडाला होता. काही बोलणं होण्यापूर्वी त्याने काटा शून्यावर आणून दाखवला, घाईघाईने यांचीच गाडी तोलली, आणि वजन बरोबर आल्यावर सुटकेने खुर्ची आणली. गाडी चार दिवस इथे ठेवायची आहे, एवढंच काम आहे हे कळल्यावर तो म्हणाला, "ठेवा की, पैसे कसले?" मापसाहेबांनी चार दिवसांचं भाडं दिलं आणि पावती घेतली. पावतीवर "गाडी, एक" असं लिहिलेलं पाहून त्यांनी "सीलबंद" हा शब्द वाढवायला लावला आणि खिशातून तार काढली.

बस थांब्यावर चौघं उभे होते. पत्नीकडे चौदा पुस्तकांचे दोन गठ्ठे, मापसाहेबांच्या खांद्यावर गादी, काखेत मिक्सर. चौकट डबलगाडींकडेच राहिली होती, कारण ती कोणी मागितली नव्हती आणि खाली ठेवायला जागा नव्हती. बस आली. तिची पायरी उंच होती. डबलगाडींनी सासूबाईंना हात पुढे केला, माणूस तसा वाईट नव्हता.

सासूबाईंनी हात बघितला. "चौकट सांभाळा," त्या म्हणाल्या. काठी आधी वर ठेवली, दांडा धरला, आणि एक, दोन, तीन पायऱ्या चढून आत गेल्या. वर पोचून त्यांनी मागे वळून पाहिलं.

"पाच फेऱ्यांवरून अकरावर आलेय मी," त्या डबलगाडींना म्हणाल्या. "तुम्ही किती मारता?"

 गादीमुळे डबलगाडींना खिडकीकडे तोंड करून उभं राहावं लागलं होतं, आणि तेरा किलोमीटर ते तसेच उभे राहिले. पाच वाजताचं जे काही होतं ते चुकलं.

शेवटच्या दिवशी मीटर वाचायचं होतं. ते वाचायला गाडी असलेल्या ठिकाणी जाणं भाग होतं. सेक्रेटरीने नियम पाहिले; नियमात गाडी कुठे असावी हे लिहिलेलं नव्हतं. मग रविवारी सकाळी सेक्रेटरी, डबलगाडी, मापसाहेबांचं पूर्ण कुटुंब आणि साक्षीदार म्हणून वकील, अशी समिती निघाली. आपल्या गाडीने नेतो असं दोघातिघांनी म्हणून पाहिलं, पण मग कोणाच्या गाडीने यावर जिन्यात एवढा वेळ गेला की सासूबाई पुढे निघून बस थांब्यावर पोचल्या. बाकीचे मागून गेले.

वजनकाट्यावर मापसाहेबांनी सील सगळ्यांना दाखवलं, अखंड आहे अशी खात्री करायला लावली, वकिलांकडून तसं लिहून घेतलं, आणि मगच तोडलं. वकिलांनी लिहून देताना पहिल्यांदाच विचारलं, "म्हणजे खरंच तुम्हीच लावलं होतंत?"

सेक्रेटरी आत बसले. चष्मा पुसला. "अठ्ठेचाळीस हजार तीनशे सोळा पूर्णांक सहा." वजाबाकी केली. "नव्व्याण्णव पूर्णांक सहा."

"अक्षरी लिहा," मापसाहेब म्हणाले. एवढंच म्हणाले, पण त्या वेळी ते वजनकाट्याच्या पत्र्यावर उभे होते आणि आत बसलेल्या मालकाने नंतर शपथेवर सांगितलं की काटा किलोभर जास्त दाखवत होता.

सेक्रेटरीने वही डबलगाडींपुढे धरली. "ठरावाचं काय लिहू?"

डबलगाडींनी पेन घेतलं. जरा वेळ वहीकडे बघितलं, मग बस थांब्याच्या दिशेने. "मागे," ते म्हणाले आणि सही केली. "आणि तो झोपाळा दुरुस्त करायचं बघा. मोडका आहे, मी तेव्हाच सांगितलं होतं."

मग सगळे जण गाडीभोवती उभे राहिले. काम संपलं होतं. गाडी मोकळी होती, सील तुटलेलं होतं, रस्ता सरळ होता.

"मग, गाडी घरी कधी नेताय?" सेक्रेटरीने विचारलं.

मापसाहेबांनी पत्नीकडे पाहिलं. पत्नीने लेकीकडे. लेकीने घड्याळाकडे, आणि म्हणाली की पावणेबाराची बस अजून मिळेल.

"घाई काय आहे?" सासूबाई काठी उचलत म्हणाल्या. "इथे तिला जागा आहे."